मात्सुएचा काळा किल्ला आणि तिथल्या अनामिका

मात्सुए,
१४ जून

प्रिय अनंत,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. किल्ल्याविषयी सविस्तर लिही, पण प्रवासी पुस्तिकेतला मजकूर उतरवून पाठवू नकोस, अशी तू तंबी दिली आहेस. आयुष्यभर गडकोट पायांखाली घातलेल्या माणसाला पुस्तिका पाठवण्याचे धाडस मी करणार नाही, हे तुलाही ठाऊक आहे.

मात्सुए हे शिमाने प्रांताचे मुख्य ठिकाण, शिंजी सरोवराच्या काठी वसलेले. होरिओ योशिहारु या सरदाराने १६०७ साली येथे किल्ला बांधावयास घेतला. १६११ साली तो पुरा झाला आणि त्याच वर्षी योशिहारु वारला. जपानमध्ये जुन्या काळापासून टिकून राहिलेले किल्ल्यांचे मुख्य मनोरे अवघे १२ आहेत, त्यांपैकी हा एक. उंची सुमारे ३० मीटर, अंगावर काळ्या फळ्या. दिमाखापेक्षा लढाईचा विचार करून बांधलेली ही वास्तू आहे, हे पाहताक्षणी कळते. आत गेल्यावर तू आधी खांबांपाशी थबकशील. मधल्या लाकडाला चहूबाजूंनी फळ्या जोडून त्या लोखंडी पट्ट्यांनी आवळल्या आहेत आणि पट्ट्यांवरचे घाव अजून स्पष्ट दिसतात. जिने किरी नावाच्या हलक्या लाकडाचे आहेत. शत्रू आत शिरलाच तर ते चटकन वर ओढून घेता यावेत, अशी त्यामागची योजना.

हा मनोरा वाचला तो मात्र थोडक्यात. १८७५ साली, सरदारशाही मोडून आलेल्या मेइजी सरकारने किल्ल्यातल्या इमारती मोडीच्या भावाने लिलावात काढल्या आणि मनोऱ्याची किंमत ठरली १८० येन. काही स्थानिक मंडळींनी तेवढी रक्कम उभी करून तो सोडवून घेतला. पुढे १९५० साली नवा कायदा आला, त्यात 'राष्ट्रीय ठेवा' हा त्याचा जुना दर्जा गेला. तो परत मिळवायचा तर बांधकामाचे साल निर्विवाद सिद्ध करणे भाग होते, आणि तसा लेखी पुरावा हाताशी नव्हता. २०१२ साली किल्ल्याच्या आवारातल्या देवळात प्रार्थनेच्या दोन लाकडी पाट्या सापडल्या, त्यांवर १६११ शी जुळणारे जपानी साल होते. परंतु खरा निवाडा खिळ्यांनी केला. पाट्यांना पडलेली खिळ्यांची भोके तळघरातल्या दोन खांबांवरच्या भोकांशी तंतोतंत जुळली, आणि २०१५ साली दर्जा परत मिळाला. आपल्याकडच्या शिलालेखांसाठी रात्रंदिवस झटणाऱ्या तुझ्यासारख्याला हा प्रसंग मुद्दाम कळवावासा वाटला.

आता दंतकथा, आणि या बाबतीत हे गाव अतिशय श्रीमंत आहे. किल्ला बांधताना एक भिंत राहून राहून ढासळत होती, तेव्हा बळी देण्याचे ठरले. पितरांच्या ओबोन उत्सवात मुली फेर धरून नाचत होत्या. त्यांतली सर्वांत सुंदर आणि नाचण्यात तरबेज मुलगी पळवून नेली आणि तिला भिंतीत जिवंत चिणले. त्यानंतर गावात कोणी नाचू लागले की किल्ला हादरू लागे, म्हणून नाचण्यावरच बंदी आली, असे सांगतात. होरिओ घराणे १६३३ साली निर्वंश झाले, मागोमाग आलेला क्योगोकु सरदारही १६३७ साली वारसाविना गेला. लोकांनी दोन्हींचा संबंध त्या मुलीच्या तळतळाटाशी जोडला. हे वाचताना तुला पुरंदरचा शेंदऱ्या बुरुज आठवल्यावाचून राहणार नाही. पण एक फरक मला फार बोचतो. पुरंदरच्या कथेने त्या बुरुजासाठी बळी दिलेल्या नाथनाक आणि देवकाई यांची नावे तरी जपली. इथल्या मुलीविषयी, तिला नाच आवडत असे, एवढेच शिल्लक आहे.

पुढच्या कथाही अशाच निनावी स्त्रियांच्या आहेत. सरोवरात योमेगाशिमा नावाचे चिमुकले बेट आहे, मोजक्या पाइन वृक्षांचे. सासुरवासाला कंटाळलेली एक सून हिवाळ्यात गोठलेल्या सरोवरावरून माहेरी निघाली, बर्फ फुटला आणि ती बुडाली; देवाला तिची दया आली आणि त्याने तिच्यासह हे बेट वर आणले. दाइओजी देवळाच्या कबरस्तानाची कथा तर मी प्रथम ऐकली तेव्हा बराच वेळ बोलू शकलो नाही. पांढरीफटक पडलेली एक बाई रोज रात्री दुकानात येऊन थोडा मिझुआमे, म्हणजे काकवीसारखा चिकट गोड पाक, विकत नेई. विचारले तरी बोलत नसे. एका रात्री तिच्या मागे गेलेल्या लोकांना एका थडग्यातून तान्ह्या मुलाचे रडणे ऐकू आले. थडगे उघडले, तर आत तिचे प्रेत, शेजारी जिवंत बाळ आणि पाकाची लहानशी वाटी.

या कथा लिहून ठेवणारा लाफ्काडिओ हर्न १८९० साली इंग्रजीचा शिक्षक म्हणून येथे आला आणि जेमतेम सव्वा वर्ष राहिला. ग्रीक आई, आयरिश बाप, आणि आई लहानपणीच दुरावलेली. मेल्यावरही मुलाला पोसणाऱ्या आईची गोष्ट त्याला का भावली असेल, हे सांगायला नकोच. त्याने सामुराई घराण्यातल्या कोइझुमी सेत्सु हिच्याशी लग्न केले, पुढे जपानी नागरिकत्व घेऊन कोइझुमी याकुमो हे नाव धारण केले. लेखक म्हणून कीर्ती त्याची झाली खरी, पण त्याच्या उत्तरायुष्यातल्या कितीतरी कथा सेत्सुने त्याला तोंडी सांगितलेल्या आहेत. किल्ल्याच्या खंदकाजवळचे त्यांचे घर जपलेले आहे. तिथे जाणाऱ्यांनी तिची आठवण अधिक काढावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

गेश्शोजी देवळातल्या दगडी कासवाविषयी थोडक्यातच लिहितो. मात्सुदाइरा सरदारांच्या समाध्यांमधले हे प्रचंड कासव रात्री गावात हिंडून माणसे खात असे, म्हणून त्याच्या पाठीवर जड शिळा ठेवली, अशी वदंता आहे. हल्ली लोक दीर्घायुष्यासाठी त्याच्या डोक्यावर हात ठेवतात. याच महिन्यात तिथे हायड्रेंजियाला बहर येतो, त्यामुळे गर्दी फार असते. याएगाकी देवळाच्या तळ्यात कागदावर नाणे ठेवून तो किती लवकर बुडतो यावरून लग्नाचे भाकीत पाहतात. तुला आणि मला त्याचा आता उपयोग नाही.

येणार असशील तर ओकायामाहून 'याकुमो' नावाची गाडी पकड. अडीच-तीन तासांत ती इथे पोहोचवते. शरद ऋतूत ये, किल्ल्यासाठी एक संपूर्ण दिवस राखून ठेव, आणि येताना शेंदऱ्या बुरुजावरच्या तुझ्या टिपणाची एक प्रत घेऊन ये. इथल्या किल्ल्याचा अभ्यास करणाऱ्या एका गृहस्थांना ती मला समजावून सांगायची आहे. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीधर