ताई, कोपराच्या त्या फोटोसाठी

एक्स-रे विभागातल्या ताईंना,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं त्या रात्री राहूनच गेलं. घसरगुंडीच्या शिडीवरून पडलेली सात वर्षांची मुलगी आणि तिच्याइतकाच घाबरलेला तिचा बाप, एवढ्यावरून आम्ही आठवलो तर बघा.

आधी दुसरीकडे एक एक्स-रे काढून झाला होता. त्यात कोपर आणि मनगट यांच्या मधलाच भाग आला होता. करंगळीच्या बाजूचं हाड मोडलंय, हे मलाही दिसत होतं. आता प्लास्टर घालून घरी जायचं, असंच मी धरून चाललो होतो. तुम्ही ती फिल्म उजेडावर धरलीत आणि विचारलंत, "यात कोपर कुठंय?" लगेच डॉक्टरांना फोन करून कोपर आणि मनगटासकट अख्ख्या हाताचे फोटो लिहून घेतलेत.

"पुन्हा एक्स-रे? एवढ्याशा जिवाला?" मी जरा चढ्या आवाजातच म्हणालो. ताई, त्याबद्दल आधी माफी मागतो. तुम्ही शांतपणे सांगितलंत की हाताच्या फोटोला किरण फार थोडे लागतात, आणि हातावर पडलेली दिव्याची चौकट लहान करत करत नेमकी हातापुरती आणलीत. मला शिशाचा एप्रन चढवलात. तिला बुटक्या स्टुलावर बसवलंत, म्हणजे खांदा, कोपर, मनगट टेबलावर एका पातळीत येतील. दुखरा हात कुठेही न पिळता, खाली स्पंज सरकवत, जिथं जमेना तिथं मशीनच फिरवून एक फोटो समोरून घेतलात, एक बाजूनं. ती एकदाच कण्हली. तेव्हा तुम्ही थांबलात, तिनं मान हलवल्यावरच पुढं गेलात.

त्या बाजूच्या फोटोत सगळं कळलं. डॉक्टरांनी स्क्रीनवर अंगठ्याकडच्या हाडाच्या मधोमध एक सरळ रेघ ओढली. ती कोपराशी दंडाच्या हाडाच्या गोल टोकातून जायला हवी होती, ती बाजूनंच निघून गेली. म्हणजे एक हाड मोडलेलं आणि दुसरं कोपरातून निखळलेलं. ही दोन हाडं दोन्ही टोकांना एकमेकांना बांधलेली असतात, त्यामुळे एक मोडून वाकलं की दुसऱ्यावर ताण येतोच. म्हणून मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा, दोन्ही सांधे फोटोत हवेत, हे मला तेव्हा समजलं.

याला माँटेजिया फ्रॅक्चर म्हणतात. माँटेजिया या इटालियन सर्जननी 1814 मध्ये ते लिहून ठेवलं. राँटगेननी क्ष-किरण शोधले ते 1895 मध्ये. म्हणजे माँटेजियांकडे फक्त बोटांचा स्पर्श होता, आणि एका मुलीच्या हातातलं निखळलेलं हाड त्यांच्याही सुरुवातीला लक्षात आलं नव्हतं. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्या मुलीचंही असंच राहून गेलं असतं तर? काही आठवड्यांनी कळलं असतं, तर मोठ्या ऑपरेशनशिवाय गत्यंतर नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले. वेळेत कळलं म्हणून भूल देऊन मोडलेलं हाड सरळ केलं, तसं दुसरं आपसूक जागेवर बसलं. चिरा द्यावा लागला नाही.

रिपोर्टवर तुमचं नाव नाही, डिस्चार्ज कार्डावरही नाही. डॉक्टरांचे आभार मी तिथंच मानले. तुमचे मानायला परत आलो, तर तुमची ड्युटी संपली होती.

प्लास्टर निघालंय. तळहात वर, तळहात खाली, असा व्यायाम ती रोज करते. अजून शेवटी थोडा अडतो. परवा तपासणीच्या एक्स-रेला गेलो, तेव्हाही तुम्ही नव्हता. ती स्वतःच स्टूल ओढून बसली, कोपर काटकोनात टेबलावर ठेवलं आणि तिथल्या दादांना म्हणाली, "एक असा काढायचा, एक असा. आणि कोपर यायला पाहिजे."

तुमचा ऋणी,
त्या मुलीचा बाबा