पद्मिनीच्या हाफ शाफ्टवर कॉलर वेल्ड करून विकल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: प्रीमियर पद्मिनी गाडीच्या मागच्या हाफ शाफ्टची (मागची चाके फिरवणाऱ्या दांड्यांची) सदोष जोडी, पूर्ण परतावा आणि त्याच लॉटच्या इतर ग्राहकांना तातडीची सूचना देण्याबाबत.

महोदय,

‘नवीन, बेअरिंग व कॉलर बसवून तयार’ या वर्णनाने आपण विकलेल्या जोडीपैकी डावा शाफ्ट कॉलरच्या (बेअरिंग शाफ्टवर जागेवर धरणाऱ्या कड्याच्या) आतल्या कडेला तुटला. गाडी हळू चालली होती, म्हणून कुणाला इजा झाली नाही. ‘जादा भार आणि क्लच झटक्याने सोडणे’ हे कारण देऊन आपण परतावा नाकारला आहे. हे कारण आम्हाला मान्य नाही, आणि ते का चूक आहे हे तुटलेला पृष्ठभागच सांगतो.

क्लचच्या झटक्याने शाफ्ट तुटला असता, तर तो पिळवटून तुटला असता. स्प्लाइनचे (शाफ्टच्या आतल्या टोकावरच्या खाचांचे) दाते एका बाजूला वळलेले दिसले असते, आणि तूट बहुधा स्प्लाइनच्या जवळ, जिथे शाफ्ट बारीक होतो तिथे आली असती. आमच्या शाफ्टच्या स्प्लाइन सरळ आहेत. तुटलेल्या तोंडाचा सुमारे दोन तृतीयांश भाग गुळगुळीत असून त्यावर एका बिंदूपासून पसरत गेलेल्या कमानी दिसतात. खरखरीत, दाणेदार भाग उरलेला एक तृतीयांशच आहे. म्हणजे तडा आधीपासून होता, तो हळूहळू वाढत गेला आणि शेवटी उरलेल्या धातूला भार पेलवला नाही. त्या कमानी जिथून सुरू होतात तो बिंदू वेल्डच्या कडेवर आहे.

पद्मिनीचा मागचा ॲक्सल सेमी-फ्लोटिंग आहे. त्यात हाफ शाफ्ट चाक फिरवतो आणि गाडीचे वजनही पेलतो. वजनामुळे शाफ्टला बाक येतो आणि तो फिरत असल्याने आता ताणलेली बाजू अर्ध्या फेऱ्यात दाबली जाते. ५.२०-१४ मापाच्या टायरवर हे दर किलोमीटरला पाचशेहून अधिक वेळा घडते. १०८९ सीसीचे इंजिन किती जोर लावते याचा इथे फारसा संबंध नाही. गाडी नुसती उतारावरून घरंगळली तरी शाफ्टला हा बाक बसतोच, आणि तो सर्वांत जास्त बसतो बेअरिंगपाशी. नेमकी तिथेच आपल्या कारागिराने वेल्डिंगची काडी लावली आहे.

त्याने ती का लावली असावी, तेही मापांवरून कळते. कॉलर शाफ्टपेक्षा काही शतांश मिलिमीटर लहान असते. ती सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत, म्हणजे पोलादावर निळसर झाक येईपर्यंत, तापवून प्रेसने बसवतात. थंड झाल्यावर ती आवळते आणि चाक बाहेर सरकू देत नाही. (बेअरिंगला मात्र ज्योत लावायची नसते.) आपल्या शाफ्टची सीट, म्हणजे कॉलर बसते ती जागा, मायक्रोमीटरने मोजली, तर कॉलरच्या भोकापेक्षा ती किंचित लहानच निघाली. म्हणजे आवळण बसणे शक्यच नव्हते. लेथवर जादा कापली गेलेली किंवा जुन्या वापरात झिजलेली सीट लपवण्यासाठी कॉलरला कडेने टाके मारले गेले.

मध्यम कार्बनच्या पोलादावर न तापवता वेल्ड मारले, की त्याच्या बाजूचा पट्टा झपाट्याने थंड होतो आणि काचेसारखा कडक, ठिसूळ होतो. आम्ही करून घेतलेल्या कठीणता चाचणीत शाफ्टच्या मध्यभागी सुमारे २०० ब्रिनेल (कठीणतेचे माप) आणि वेल्डला लागून सुमारे ४६० असे आकडे आले. अहवाल सोबत आहे. त्यातला २०० हा आकडाही समाधानकारक नाही. हाफ शाफ्ट ईएन १९ किंवा ईएन २४ सारख्या मिश्र पोलादाचा, हार्डन व टेम्पर केलेला (तापवून, झटकन थंड करून पुन्हा बेताने तापवलेला) असायला हवा. इतका नरम निघालेला शाफ्ट तशी प्रक्रिया न झालेलाच दिसतो.

उजवा शाफ्ट वरून धड दिसत होता. त्यावर डाय पेनिट्रंट (बारीक तडे दाखवणारा रंगीत द्रव) मारल्यावर कॉलरच्या वेल्डलगत लाल रेघ उमटली. दोन्ही शाफ्टमध्ये एकाच जागी तडा असेल, तर दोष चालवणाऱ्याकडे नाही, बनवणाऱ्याकडे आहे.

या वेळी तूट कॉलरच्या आतल्या बाजूला होती, म्हणून बेअरिंगच्या रिटेनर प्लेटने चाक धरून ठेवले. तरीही एकट्या बॉल बेअरिंगवर चाक कलले, ब्रेकचा ड्रम त्याच्या मागच्या बॅकप्लेटला घासला, ऑइल सील फाटले आणि ॲक्सलमधले ईपी ९० तेल ब्रेक शूवर उतरले. हीच तूट बेअरिंग आणि फ्लँजच्या (चाक जोडायच्या चकतीच्या) मध्ये आली असती, तर ड्रमसह चाक गाडीतून निघून गेले असते.

पद्मिनीचे उत्पादन थांबून दोन दशके उलटली. मुंबईतल्या शेवटच्या नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सीची मुदतही ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. ही गाडी चालती ठेवणारे लोक आता आपल्यासारख्या पुरवठादारांवरच विसंबून आहेत. जुना पण सरळ, सीट शाबूत असलेला शाफ्ट ‘जुना’ म्हणून विकलात, तर आमची हरकत नाही. आम्ही तो आनंदाने घेऊ.

आमच्या मागण्या अशा आहेत. जोडीची पूर्ण किंमत, तसेच बेअरिंग, सील, ब्रेक शू, ड्रम आणि मजुरीचा खर्च (बिले सोबत आहेत) परत करावा. त्याच लॉटमधला बदली शाफ्ट आम्ही स्वीकारणार नाही. या लॉटच्या प्रत्येक ग्राहकाला गाडी न चालवण्याची लेखी सूचना द्यावी आणि तपासणी कशी करायची तेही त्यात लिहावे: गाडी स्टँडवर घ्या, चाक आणि ड्रम काढा, बॅकप्लेटचे नट सोडवून स्लाइड हॅमरने (सरकत्या वजनाच्या झटक्याने ओढणाऱ्या अवजाराने) शाफ्ट बाहेर ओढा. डिफरेन्शिअल उघडावे लागत नाही. कॉलरच्या आतल्या कडेला वेल्डचा टाका दिसला, तर तो शाफ्ट पुन्हा बसवू नका. टाका घासून नवीन कॉलर चढवणे हा उपाय नाही. ठिसूळ पट्टा शाफ्टमध्ये तसाच राहतो.

तुटलेले भाग आपण कुरिअरने मागवले आहेत, ते आम्ही पाठवणार नाही. तुटलेली तोंडे एकमेकांवर घासली किंवा पुसली गेली, तर पुरावा नष्ट होतो. आपल्या प्रतिनिधीने यावे, दोघांसमोर पाहणी होईल आणि फोटो काढले जातील.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील उत्पादन दायित्वाच्या तरतुदींखाली आम्ही राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करू. ग्राहकांना द्यायच्या सूचनेसाठी मात्र पंधरा दिवस थांबू नये. ती आजच पाठवावी.

आपले,
पद्मिनीधारक ग्राहक

सोबत: बिलांच्या प्रती, कठीणता चाचणीचा अहवाल, तुटलेल्या पृष्ठभागाचे आणि डाय पेनिट्रंट चाचणीचे फोटो, सीट व कॉलरची मापे.