एमएस म्हणजे नुसता 'अशक्तपणा' नव्हे

महोदय,

माझ्या भाचीला एका डोळ्याने अचानक अंधुक दिसू लागले, मग पाय बधिर झाले. वर्षभर सगळे 'टेन्शन घेऊ नकोस' एवढेच सांगत राहिले. एमआरआय केल्यावर कळले, मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजेच एमएस. यात आपल्याच रोगप्रतिकारक पेशी मेंदूत शिरून मज्जातंतूंवरचे मायलिनचे वेष्टन कुरतडतात. सूज येते, संदेश अडखळतात. म्हणून 'प्रतिकारशक्ती वाढवणारे' काढे आणणाऱ्या आप्तांना हात जोडून विनंती, थांबा! इथे ती शक्ती आवरायची असते आणि त्यासाठी औषधे आहेत. हा आजार बहुधा विशी ते चाळिशीत, बायकांमध्ये अधिक दिसतो. उष्णतेने लक्षणे बळावतात. मे महिन्यात राजवाड्यापर्यंत चालणेही तिला जड जाते, आणि लोक तिला आळशी म्हणतात.

– एक मावशी, लोकमान्यनगर, इंदूर