जुन्या टेनिस स्पर्धांच्या नावांविषयी

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

प्रश्नमंजुषेचा मसुदा वाचला. 'पहिली फ्रेंच ओपन कोणी जिंकली?' याचं उत्तर तू ओटो फ्रॉइट्सहाइम, १९१२ असं दिलं आहेस. ते आधी खोड. त्याने जिंकली ती जागतिक हार्ड कोर्ट अजिंक्यपद स्पर्धा. तीही बहुतेकदा पॅरिसलाच व्हायची, म्हणून हा घोळ होतो. १९२२ साली मात्र ती ब्रसेल्सला झाली. फ्रेंच अजिंक्यपदाशी तिची गल्लत करू नये, याला एवढा पुरावा पुरे. आणि 'हार्ड' वाचून सिमेंट डोळ्यांसमोर आणू नकोस. तेव्हा मातीच्या कोर्टालाच हार्ड कोर्ट म्हणत.

खरं फ्रेंच अजिंक्यपद १८९१ पासूनचं, पण १९२४ पर्यंत ते फ्रेंच क्लबांच्या सभासदांपुरतंच होतं. पहिला विजेता ब्रिग्ज हा पॅरिसमध्ये राहणारा इंग्रज, क्लबचा सभासद म्हणून खेळला. परदेशी खेळाडूंना १९२५ मध्ये प्रवेश मिळाला, तेव्हा लाकोस्त जिंकला. व्यावसायिकांना १९६८ मध्ये मिळाला, तेव्हा रोझवॉल. 'ओपन', म्हणजे सर्वांना खुली, ती तिथून पुढे. म्हणजे प्रश्न नेमका विचारला नाहीस, तर तिघांपैकी कोणतंही उत्तर देणारा भांडायला उभा राहील.

'जागतिक' ही बिरुदं गेली कशी, ते खरं मजेचं. १ मार्च १९१३ ला पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय लॉन टेनिस महासंघ स्थापन झाला. जागतिक अजिंक्यपदं तीन: गवताचं, हार्ड कोर्टचं आणि बंदिस्त कोर्टचं. पैकी गवताचं विम्बल्डनला कायमचं बहाल. अमेरिकेला हे कसं रुचावं? ती महासंघाबाहेरच राहिली. अखेर १९२३ मध्ये तडजोड झाली: तिन्ही जागतिक किताब रद्द, आणि नियमांची भाषा कायम इंग्रजी. त्याऐवजी ब्रिटन, फ्रान्स, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाच्या स्पर्धांना अधिकृत दर्जा मिळाला. आजच्या चार ग्रँड स्लॅम त्याच. इतक्या रुसव्याफुगव्यातून निघालेली यादी शंभर वर्षं टिकली, याचं मला नवल वाटतं.

डेव्हिस कप या देशांच्या संघांमधल्या स्पर्धेच्या प्रश्नात नाव बदलायला नको, पण १९०० साली तिचं अधिकृत नाव आंतरराष्ट्रीय लॉन टेनिस चॅलेंज होतं, हे उत्तरात घाल. ड्वाइट डेव्हिसने चांदीचा चषक दिला, म्हणून लोकांच्या तोंडी त्याचं नाव बसलं. बॉस्टनच्या लाँगवुड क्लबवर खेळणारे संघ दोनच, अमेरिका आणि ब्रिटिश बेटं. त्या काळची सलग विजेतेपदं आजच्या मापाने मोजू नकोस. १९७१ पर्यंत गतविजेता थेट अंतिम लढतच खेळायचा.

आणि १९०७ चा डेव्हिस कप ऑस्ट्रेलियाच्या नावावर टाकलास, तिथे 'ऑस्ट्रेलेशिया' कर. त्या संघातला ब्रूक्स ऑस्ट्रेलियाचा, पण वाइल्डिंग न्यूझीलंडचा. आजच्या ऑस्ट्रेलियन ओपनचंही १९२६ पर्यंत नाव ऑस्ट्रेलेशियनच, आणि ती दोनदा न्यूझीलंडमध्ये झाली: १९०६ ला क्राइस्टचर्च, १९१२ ला हेस्टिंग्ज. हाच प्रश्न शेवटच्या फेरीत घाल. भलेभले अडकतील.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अनंत