‘व्यक्तिशः ओळखते’ असे लिहिताना

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला मुक्त सॉफ्टवेअरवरचा लेख वाचला. ‘हे फुकट असते आणि त्यात कोणीही येऊन बदल करतो’ या वाक्याला माझी हरकत आहे. आपल्या घरच्या संगणकावर कोणीही हवा तो बदल करावा. पण तोच बदल डेबियन या मुक्त संगणक-प्रणालीतून जगभर जायचा असेल, तर त्यावर कोणाची तरी सही लागते. असा सहीचा हक्क मिळावा म्हणून नुकतीच मी एका मुलाची हमी घेतली.

मी शासकीय तंत्रनिकेतनात शिकवत होते. पद राजपत्रित, त्यामुळे ‘सदर उमेदवारास मी गेली तीन वर्षे व्यक्तिशः ओळखते’ या वाक्याखाली किती सह्या ठोकल्या असतील, मोजदाद नाही. शिपाई गठ्ठा आणून ठेवी, मी शिक्का मारी. निम्म्या मुलांचे चेहरे तेव्हाही आठवत नसत. निवृत्त झाल्यावर हे कबूल करायला हरकत नाही. डेबियनमध्ये मी बरीच वर्षे डेव्हलपर, म्हणजे स्वतःच्या सहीने सॉफ्टवेअर पाठवू शकणारी सदस्य आहे, तरी तिथे हेच वाक्य लिहायला मला तीन रात्री लागल्या.

मुलगा तासगावकडचा, माझा विद्यार्थी नव्हे. दिवसा सेवा केंद्रात सातबारे आणि दाखले छापून देतो. एका फॉन्टमध्ये ‘दुसऱ्या’तला ‘ऱ्या’ छापताना फुटायचा आणि गिऱ्हाईक त्याच्यावर ओरडायचे. त्याने बग कळवला. कोणी बघेना, तेव्हा दुरुस्तीच करून पाठवली. पुढे दोन वर्षे तो तीन पॅकेजे, म्हणजे बसवण्यासाठी बांधून तयार केलेली सॉफ्टवेअरे, सांभाळत होता; मी तपासायचे आणि माझ्या सहीने पुढे धाडायचे. यातले सर्वात कंटाळवाणे काम परवान्यांचे: कुठली फाइल कोणी लिहिली, कोणत्या अटीवर दिली. हा मुलगा ते ओळ न ओळ वाचतो.

मागच्या पावसाळ्यात त्याच्या हातून घोळ झाला. नव्या आवृत्तीत फॉन्टचे नाव बदलले आणि जुनी कागदपत्रे भलत्याच अक्षरात उघडू लागली. एकही तक्रार आलेली नसताना रात्री साडेअकराला मेल आला, ‘मॅडम, माझं चुकलं. दुरुस्त करून ठेवलंय, तेवढं बघता का?’ हमीपत्रात मी त्याच्या हुशारीबद्दल फारसे लिहिले नाही, हा प्रसंग लिहिला.

हमी फसू शकते, हेही ठाऊक आहे. फाइली दाबून लहान करणाऱ्या ‘एक्सझेड’ या सॉफ्टवेअरमध्ये मार्च २०२४ मध्ये चोरदरवाजा सापडला. ‘जिया तान’ या नावाने कोणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ गुणी मदतनीस म्हणून वावरला. मूळ कर्ता एकटा, थकलेला. त्यात ‘दुसऱ्याच्या हाती द्या’ असा अनोळखी नावांचा लकडा त्याच्यामागे लागलेला. अखेर सॉफ्टवेअरच्या किल्ल्या ‘जिया तान’च्या हाती गेल्या. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकले, म्हणून बिंग फुटले. डेबियनच्या चाचणीच्या आवृत्त्यांपर्यंत तो माल पोचला होता, स्थिर आवृत्ती वाचली. जिया तान कोण, हे आजवर उघड झालेले नाही.

डेबियनमध्ये नुसत्या मेलवरच्या ओळखीवर भागत नाही, ते यासाठीच बरे. मी मुलाला सांगली स्टँडसमोरच्या हॉटेलात बोलावले. पॅन कार्डावरचा फोटो कोणाचाही वाटावा असा, म्हणून वाहन परवाना मागितला. मग त्याने ज्या डिजिटल किल्लीने सही होते, तिचा ठसा, म्हणजे ४० अंक-अक्षरे, कागदावरून मोठ्याने वाचला आणि मी माझ्याकडच्या ठशाशी एकेक ताडून पाहिले. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ हे लॉटरीचे नंबर समजून कान देऊन ऐकत होते.

आता तो डेबियन मेंटेनर झाला आहे. तरी सगळे कोठार त्याला खुले नाही. मी नावानिशी दिलेली तीनच पॅकेजे तो थेट पाठवू शकतो आणि ती परवानगी काढूनही घेता येते. लेखातल्या ‘कोणीही’ची खरी हकीकत ही अशी आहे. जमल्यास दुरुस्ती छापावी.

परवा त्याने पहिले पॅकेज स्वतःच्या सहीने पाठवले. जुन्या सवयीने मी ते उतरवून तपासलेच. बदलांच्या नोंदीत तारीख चुकली होती, ती कळवली आहे.

– एक निवृत्त अधिव्याख्याती, सांगली