कन्व्हर्ज झालं, आता कागदावर तपास

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या ट्रान्झिस्टरचं सिम्युलेशन एकदाचं कन्व्हर्ज झालं हे वाचून फार आनंद झाला. पण आलेख गाइडकडे पाठवायची घाई करू नकोस. कन्व्हर्ज झालं म्हणजे एवढंच, की पॉइसनच्या समीकरणातून आलेलं विभव आणि त्या विभवात बसणारे इलेक्ट्रॉन एकमेकांशी जुळले. तू धरलेली गृहीतकं बरोबर होती का, हे संगणक सांगत नाही. ते आपलं आपणच बघायचं.

तुझ्या आलेखात सबथ्रेशोल्ड स्लोप, म्हणजे ट्रान्झिस्टर चालू होण्याआधी प्रवाह दहापट करायला गेटवर वाढवावं लागणारं व्होल्टेज, दशकामागे ४५ मिलिव्होल्ट दिसतोय. साध्या मॉसफेट ट्रान्झिस्टरमध्ये, खोलीच्या तापमानाला, तो ६०च्या खाली येत नाही. गेट फक्त इलेक्ट्रॉनांच्या वाटेतल्या अडथळ्याची उंची कमी-जास्त करतं. तो ओलांडण्याएवढी ऊर्जा किती इलेक्ट्रॉनांकडे आहे, हे तापमान ठरवतं. तेव्हा तापमान ३०० केल्विनच दिलंयस ना, हे आधी बघ. मग मेश, म्हणजे गणितासाठी आखलेली जाळी, निम्मी बारीक करून पुन्हा चालव. उत्तर हललं तर ते उत्तर मेशचं होतं, डिव्हाइसचं नव्हे.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. चॅनेलमधलं, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या वाटेतलं, डोपिंग (मुद्दाम मिसळलेली अशुद्धी) तू सगळीकडे एकसारखं पसरवलं आहेस: घन सेंटिमीटरला १०चा १८वा घात इतके अणू. आता २० नॅनोमीटर बाजूचा घन घे आणि हातानं गुणाकार कर. आत अशुद्धीचे अणू येतात फक्त ८! तेही सरासरीनं. एका ट्रान्झिस्टरमध्ये ५ असतील, शेजारच्यात ११, आणि कोणता अणू सोर्सजवळ, म्हणजे इलेक्ट्रॉन निघतात त्या टोकाशी, पडला यावरही थ्रेशोल्ड, म्हणजे ट्रान्झिस्टर चालू होण्याचं व्होल्टेज, बदलतो. म्हणून एकच रन पुरत नाही गं. अणू यादृच्छिक जागी टाकून बरेच रन घे आणि थ्रेशोल्ड किती विखुरतो ते दाखव. प्रबंधातला खरा ऐवज तिथेच आहे असं मला मनापासून वाटतं.

चॅनेल १० नॅनोमीटरपर्यंत आणणार असशील, तर प्रवाह काढायच्या ड्रिफ्ट-डिफ्यूजन पद्धतीवर विसंबू नकोस. त्यात इलेक्ट्रॉन वाटेत वारंवार धडकतो असं धरलेलं असतं. एवढ्या अंतरात बरेचसे न धडकताच पलीकडे जातात. इलेक्ट्रॉनला लहर धरणारी ग्रीन फंक्शनची पद्धत मशीनचा वेळ खाते, तरी तीच शिकून घे. तिथेही एक ताळा आहेच: दोन टोकांमध्ये एका मोडचा, म्हणजे इलेक्ट्रॉन-लहरीच्या एका मार्गाचा, रोध १२.९ किलोओमच्या खाली उतरत नाही.

नवे रन झाले की इनपुट फाइलसकट पाठव, नुसती चित्रं नकोत.

तुझी,
आई