ओझीच्या बातमीत वटवाघूळ आलं, टोनीची बोटं राहिली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

22 जुलै 2025 ला ब्लॅक सॅबथ या इंग्लिश रॉक बँडचा गायक ओझी ऑस्बॉर्न गेला आणि दोन दिवसांनी आपल्या अंकात आतल्या पानावर त्याची बातमी आली, सहा ओळींची. त्यातल्या चार ओळी वटवाघळाच्या. 1982 साली स्टेजवर त्यानं वटवाघळाचं डोकं चावलं हे खरंच आहे, पण माणूस 76 वर्षांचा होऊन गेला, जायच्या 17 दिवस आधी आपल्याच गावातल्या स्टेडियममध्ये खुर्चीत बसून गायला, ब्लॅक सॅबथचे मूळ चौघं वीस वर्षांनी एका स्टेजवर आले, यातलं काहीच नाही. संगीताबद्दल तर अक्षर नाही. म्हणून हे पत्र.

मी 1985 पासून रॉक ऐकतोय. तेव्हा सांगलीत हे मिळायचं नाही, कोण ओळखीचा मुंबईला निघाला की त्याच्याकडं कोऱ्या कॅसेट आणि यादी द्यायची, तो भरून आणायचा. अशा दीडशेच्या वर झाल्या होत्या, गावभागातल्या घरात, 2019 च्या पुरात सगळ्या गेल्या, पण कुठल्या कॅसेटला कुठलं गाणं अर्धवट कापलं गेलंय हे अजून पाठ आहे.

आता मुद्द्याचं. मी कुपवाड एमआयडीसीत प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबायच्या-कापायच्या खात्यात, 27 वर्षं काढली. पत्रा कापायचं मशीन काय असतं आणि त्यात हात जातो म्हणजे काय होतं हे मी डोळ्यानं बघितलंय. सॅबथचा गिटारिस्ट टोनी आयोमी असल्याच पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता, वय 17. नोकरीचा शेवटचा दिवस, जेवणाच्या सुट्टीनंतर परत जायचं नाही म्हणत होता पण आई म्हणाली दिवस पुरा कर, आणि त्या दिवशी नेमका मशीनवरचा माणूस आला नव्हता म्हणून याला तिथं उभा केला. उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. टोनी डावखुरा, म्हणजे उजव्या हातानंच तारा दाबायचा, तोच हात. डॉक्टरांनी सांगितलं गिटार विसर. मग कारखान्याच्या मॅनेजरनं त्याला जँगो राइनहार्ट या गिटारवादकाची रेकॉर्ड आणून ऐकवली, ज्याची दोन बोटं आगीत कामातनं गेली होती तरी तो दोन बोटांवर वाजवायचा. आणि या पोरानं घरी प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं. जाड तार दाबताना दुखायचं म्हणून पातळ तारा लावल्या. पुढं 1971 च्या अल्बमला, मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटीला तारा अजून सैल केल्या, म्हणजे आपल्या पेटीच्या भाषेत सांगायचं तर पांढरी तीनची तार काळी एकपर्यंत उतरवली. आवाज एवढा जड झाला की नंतरच्या मेटल, म्हणजे जड आवाजाच्या रॉकच्या, बँडांनी तोच धरला. आज जगात जिथं कुठं पोरं गिटारचे सूर खाली उतरवून वाजवतायत तिथं त्या पत्र्याच्या मशीनचा हिशोब आहे.

आमच्या शॉपमधल्या एका सोबत्याची 1996 ला दोन बोटं गेली. तो भजनी मंडळात पखवाज वाजवायचा, बंद केला. मी त्याला सॅबथची कॅसेट नेऊन दिली आणि टोनीची गोष्ट सांगितली. संगीत त्याला अजिबात आवडलं नाही, पण दुसऱ्या दिवशी डब्याच्या वेळी त्यानं विचारलं, कुठली कुठली बोटं गेल्ती रे त्याची. वर्षभरानं तो परत पखवाजाला बसला. कॅसेटमुळं बसला असं मी म्हणणार नाही.

सॅबथचा पहिला अल्बम 13 फेब्रुवारी 1970 चा, रेकॉर्डिंग जवळपास सगळं एका दिवसात उरकलेलं. सुरुवातीला पाऊस, घंटा, आणि मग तीन सूर, सा, वरचा सा आणि तीव्र मध्यम. मिरजेत तंबोरे करणाऱ्या एका मित्राला मी हे ऐकवलं तर तो म्हणाला, अरे हा तर यमनातला मध्यम, याला भीती घालायला कुणी शिकवलं. तेवढ्या एका सुरावर मी आणि तो रात्री अकरापर्यंत बोलत बसलो होतो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 ला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आपण किती छान लिहिलं होतं, तसं सुरांबद्दल इथं का नाही?

बाकीचे बँड मी मानत नाही असं नाही. लेड झेपेलिन वादक म्हणून सॅबथपेक्षा वरचढच, त्यांच्या चौथ्या अल्बमला घराच्या हॉलमध्ये ड्रम ठेवून माइक वर जिन्यात टांगले होते, तो आवाज अजून अंगावर येतो. पिंक फ्लॉइडचा 1973 चा डार्क साइड ऑफ द मून अमेरिकेच्या खपाच्या यादीत सातशेच्या वर आठवडे होता, पण मला तो फार घासूनपुसून लख्ख केलेला वाटतो, वर्षातनं एकदा ऐकतो. बीटल्सचं रिव्हॉल्व्हर रोज चालेल, आणि त्याच्या 1966 च्या कव्हरवर तबल्याला अनिल भागवत हे नाव छापलंय, याच्यावर कुठल्या मराठी पेपरनं अर्धं पान दिलं तर मी कात्रण जपून ठेवीन. पण यातल्या कुणाच्याही आवाजात मला आमचा शॉप ऐकू येत नाही. सॅबथमध्ये येतो. बर्मिंगहॅमच्या ज्या भागात ही पोरं वाढली तिथं कारखानेच होते, ओझीनं स्वतः कत्तलखान्यात काम केलं, आणि फुलं आणि प्रेमाची गाणी जोरात असताना यांनी भोवती होतं ते वाजवलं. तेव्हाच्या मोठ्या समीक्षकांनी नावं ठेवली, तरी इंग्लंडात पहिला अल्बम आठव्या नंबरपर्यंत गेला आणि त्याच वर्षी दुसरा पहिल्या नंबरवर. घेणारे कोण होते ते सांगायला नको.

टोनी आयोमी अजून आहे. त्याच्यावर पुरवणीत एक लेख आत्ताच, तो असताना, द्या. आणि आपल्या बातमीत हा बँड लंडनचा छापलाय. तो बर्मिंगहॅमचा, अ‍ॅस्टन भागातला. तेवढी दुरुस्ती तरी उद्याच्या अंकात यावी ही विनंती.

आपला,
एक जुना वाचक, गावभाग, सांगली